रोज घालायचा किल्ट

बाबा, मी एक किल्ट घेतला. हा शब्द तुमच्या कानावर कधी आला नसेल. स्कॉटलंडकडचे पुरुष घालतात. पुढून सपाट, मागे चुण्याच चुण्या, लांबी गुडघ्यापर्यंत. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून तो उलटासुलटा करून पाहिला असता आणि म्हणाला असतात, "हा तर आपला शाळेचा स्कर्ट."

उन्हाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पँट चढवायची म्हणजे रोज सकाळी पलंगावर बसून झटापट. शेजारी एक म्हातारा राहतो, मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. तो किल्ट घालूनच गवत कापतो. एकदा मी कुंपणापाशी थांबून विचारलं, तर म्हणाला, "रोज घालायचा असेल तर लोकरीचा महागडा घेऊ नकोस. साधा सुती घे, मशीनमध्ये टाकता येईल असा." मग ऑनलाइन मिळाला त्यातला स्वस्तातला मागवला, खाकी. बायकोनं खोक्यातून तो बाहेर काढला, जरा वेळ बघितला आणि म्हणाली, "हा घालून मंडळाच्या गणपतीला येणार नाहीस ना?"

तो गुडघ्याखाली चार बोटं लोंबत होता. मुलीनं मला खिडकीजवळ उभं केलं आणि ओठांत टाचण्या धरून खाली बसली. "बाबा, स्टँड स्टिल." इकडच्या आमच्या नोव्हाय गावातली सप्टेंबरची दुपार होती. बाहेरच्या मेपलच्या झाडाची सावली भिंतीवर हलत होती. कापडावरून फिरणारी तिची बोटं मला जाणवत होती, दिसत नव्हती, आणि उभ्या उभ्या ती बोटं कधी तुमची झाली ते कळलं नाही.

जून महिना आहे. तुमच्या शिलाईच्या दुकानात मुलींच्या शाळेचे निळे स्कर्ट माझ्या खांद्याएवढे रचलेत. मी तेरा वर्षांचा. आठवीतल्या मुलींची उंची आणि माझी उंची सारखी, म्हणून तुम्ही मला हाफपँटवरून स्कर्ट घालायला लावता, स्टुलावर उभं करता आणि खाली बसून खडूनं घेर आखता. नव्या कापडाचा, गरम इस्त्रीचा वास. मला ते आवडतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तेवढ्यात पडदा सरकतो. एक बाई मुलीचा युनिफॉर्म न्यायला आत येतात, सोबत त्यांचा मुलगा, माझ्याच वर्गातला. तो हसत नाही, नुसता बघत राहतो. मी ओरडतो, "मी काय तुमचा पुतळा आहे? असलं बायकी काम मी जन्मात करणार नाही." तुमच्या हातातला खडू थांबतो. गिऱ्हाइकासमोर तुम्ही एवढंच म्हणता, "काढ. चुण्या मोडू नकोस."

त्यानंतर तुम्ही मला मापासाठी कधी हाक मारली नाहीत. स्कर्ट खुंटीला टांगून, मान तिरकी करून घेर बघायचात. मी दुकानावरून जाताना तुम्ही मान वर करायचात आणि मी सायकल जोरात मारायचो. पुढे इंजिनिअर झालो, इकडे आलो, मोटारींच्या सीटच्या डिझाइनवर काम करू लागलो. दर रविवारी फोनवर तुम्ही इकडच्या थंडीचं विचारायचात. त्या दिवसाचा विषय काढायला मला धीर व्हायचा नाही. पुढच्या सुट्टीत समोर बसून बोलू म्हणायचो. ती सुट्टी यायच्या आधी तुम्ही गेलात.

"आय कॅन जस्ट टेप इट," टाचण्या लावून झाल्यावर मुलगी म्हणाली. मी चिकटपट्टी नको म्हटलं. चार दुपारी खिडकीत बसून हातानं तुरपाई केली, एकेक चुणी ओल्या फडक्याखाली इस्त्रीनं दाबून बसवली. मग तो घालून तळ्याकाठी फिरायला गेलो. वारा चुण्यांमध्ये शिरत होता, गुडघा दुखत नव्हता. समोरून कुणी आलं की मी मान खाली घालत नव्हतो, आणि हे माझं मलाच नवीन होतं.

काल किल्ट घालूनच इंडियन ग्रोसरीत गेलो, तिथं एक काकू भेटल्या, पुण्याहून मुलाकडे आलेल्या. निवृत्त शिवणशिक्षिका. मागून निरखून म्हणाल्या, "विचारू का? चुण्यांची घडी इतकी सुरेख कुणी बसवून दिली?"

"मीच बसवली," मी म्हटलं. "माझे वडील टेलर होते. त्यांनी शिकवलं."

"नशीबवान आहात," त्या म्हणाल्या आणि कोथिंबीर निवडायला वळल्या.

बाबा, तुम्ही शिकवलं असतंत. मीच शिकलो नाही. ती तुरपाई, ती घडी मी फोनवर कुठल्याशा बाईंचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा थांबवून केली. काकू दारापर्यंत पोचेतो त्यांना खरं सांगायला वेळ होता. मी सांगितलं नाही.