शैबानची नजर

शाबान महिना, ४

हा माणूस आंधळा नाही!

होड्यांच्या पुलावरून पलीकडे निघालो होतो. पुढे शैबान, काठी टेकत. पुलाची एक फळी सकाळीच निखळलेली. त्यानं पाय अलगद पलीकडे टाकला. आधी पाय — मग काठी.

घरी बहिणीला, जुमानाला, काही बोललो नाही. शाई घोटता घोटता गुणगुणत होती. हल्ली गुणगुणते.

शाबान ५

डोक्यातून जात नाही. माझी बहीण नऊ वर्षांची असताना देवीनं तिचा चेहरा खाल्ला. इतक्या वर्षांत मागणी घातली ती एकट्या शैबाननं, गेल्या महिन्यात, रजबमध्ये. ती हो म्हणाली — "त्यांना दिसत नाही, दादा, म्हणून तर."

वजिराच्या जनानखान्यात तो कुराण शिकवतो. आंधळा म्हणूनच पडद्याआड सोडतात. दुपारी माझ्या पुस्तकांच्या दुकानात येऊन टेकतो. मागच्या खोलीत जुमाना असते, तीही त्याच्यासमोर तोंड झाकत नाही. सगळ्या बगदादमध्ये एकट्या त्याच्यासमोर!

म्हणजे हा रोज बसून बघतोय?

शाबान ७

शेजारचा पुस्तकं बांधणारा उतबा — त्याला अर्धंमुर्धं सांगितलं. हसला. म्हणे, "शाई घोटणारी जाईल म्हणून जीव वरखाली होतोय तुझा."

लागलं. खोटं असतं तर लागलं असतं का?

शाबान ८

गहू-मांसाच्या हरीशाची वाटी शैबानच्या हाताशी ठेवली आणि गुपचूप सरकवली. चाचपत शोधली त्यानं. फार वेळ चाचपली. खरा आंधळा इतकं चाचपत नसावा. मला आता काहीही वाटायला लागलंय.

शाबान ११

आज केलं ते पाप आहे. लिहून ठेवतो.

मोठ्या अक्षरांत कुराणातली एक आयत लिहिली, तीत एक शब्द मुद्दाम चुकवला. पान शैबानच्या बैठकीसमोर वाळत टांगलं. ज्याला सगळं कुराण तोंडपाठ, त्याच्या डोळ्यांसमोर! जुमाना घरी गेली होती.

तो बोलत होता — दजला नदीचं पाणी चढलंय, खरबुजं अजून फिकीच. मध्येच अडखळला. मग काठी घेऊन उठला, दारापर्यंत गेला. तसाच गेला असता तर माझ्या हाती काहीच नव्हतं. पण वळला.

"हाजिम, ते पान धुऊन टाक. अल्लाचा शब्द असा टांगू नये."

धुतलं. मग बसून त्यानं सगळं सांगितलं. वजिराकडे लागला तेव्हा खरोखरच आंधळा होता. मोतीबिंदू. गेल्या हिवाळ्यात बसऱ्याच्या एका वैद्यानं सुईनं तो बाजूला सारला आणि एका डोळ्याला दिसू लागलं. त्याच दिवशी सांगायला हवं होतं. घाबरला, नेहमीसारखा जनानखान्यात जाऊन बसला. त्यानंतर सांगणं म्हणजे मान उडवून घेणं. निकाह झाला की वासितला मावशीकडे निघून जायचं, असं मनात धरून होता.

विचारलं, जुमानाला तरी का नाही सांगितलंत?

"तिनं तोंड झाकलं असतं."

निर्लज्ज! दुकानाबाहेर काढला त्याला.

शाबान १२

वजिराच्या दाराशी एक शब्द टाकला की संपलं. आयत खोटी लिहिणारा मी, आणि ती खोटी राहू नये म्हणून मान पुढे करणारा तो — हे सारखं मनात येत होतं. तरी गेलो. पहारेकऱ्यानं विचारलं, काय काम? म्हटलं, रस्ता चुकलो.

जन्म गेला या शहरात!

उद्या जुमानाला सांगणार. तिनंच हाकलावं त्याला.

शाबान १३

सांगितलं. वाटलं रडेल. घोटणारा हात तेवढा थांबला.

"दिसायला कधी लागलं त्यांना?"

गेल्या हिवाळ्यात, म्हटलं.

"आणि मागणी रजबमध्ये घातली."

शाईची वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे बघून घातली, दादा. वासितची होडी कधी आहे, विचारून ये."