काकांची आंघोळ आणि छोटी गाडी

॥ श्री महादेव प्रसन्न ॥
बोरगाव, जि. लातूर (कार्डावर छापलेलं जुनं उस्मानाबाद मीच खोडलं!)
४ एप्रिल १९८३

ती. चन्नबसप्पाकाकांना महादेवीचा शि. सा. न. वि. वि.

माझा साखरपुडा गुरुवारी, १४ तारखेला सकाळी अकराला ठरलाय. पाहुणे लातूरचे. पहिला विडा थोरल्या पातीच्या, म्हणजे तुमच्या हातचा, हा आपला रिवाज. तुम्ही नाही आलात तर आई साखरपुडाच होऊ देणार नाही म्हणते. बाबांशी धरलेला अबोला बाबांबरोबरच गेला असं समजा आणि या. फक्त आंघोळ करून या. इथं दोन दिवसाला एक घागर मिळते.

आशीर्वादाला टपलेली,
महादेवी

मुखेड, ८ एप्रिल

चि. महादेवीस अनेक आशीर्वाद.

आदल्या दिवशी एसटीनं लातूर गाठून सकाळच्या छोट्या रुळांच्या गाडीनं येईन. जिल्हा झाला म्हणून लई फुगू नका. धाकटी पाती म्हणजे मोठ्या लाईनीचा फाटा. फाट्यानं मोठ्या गाडीची वाट बघायची असते. आंघोळ आणि लिंगपूजेशिवाय मी पाण्याचा घोटही घेत नाही, हे तुला ठाऊक आहे. पाण्याचं माझं मी बघतो.

तुझा,
काका

बोरगाव, १६ एप्रिल

ती. लक्ष्मम्माकाकूंना सा. न. वि. वि.

काका काही सांगणार नाहीत, म्हणून मीच लिहिते. आमच्या अलीकडच्या स्टेशनात इंजिन पाणी घेतं. तिथं काका पंचा गुंडाळून उतरले, ड्रायव्हर व्यंकटीकडून इंजिनातलं दोन बादल्या कढत पाणी मिळवून फलाटावरच न्हाले आणि लिंबाखाली तळहातावर लिंग घेऊन डोळे मिटून बसले. गार्डानं शिट्ट्या मारल्या, काका हलेनात. पूजेतल्या माणसाला टाकून आपण न्हाई जाणार, असं व्यंकटी म्हणाला म्हणे. डब्यातले एक गृहस्थ मात्र, मुहूर्त चाललाय, म्हाताऱ्याला सोडून चला, म्हणून ओरडत होते.

इकडे अकरा गेले, बारा गेले. ना पाहुणे, ना काका. आई रडली, मीही रडले, खोटं कशाला सांगू? साडेबाराला काका उतरले, आणि मागून ते ओरडणारे गृहस्थ. ते माझे होणारे सासरे, गुरुबसप्पा!

या माणसाच्या हातचा विडा घेणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. तेव्हा बाबांपुढे कधी न वाकलेल्या काकांनी पटका उतरवून हात जोडले. चूक माझी हाय, पोरीवर काढू नका, म्हणाले. काकू, मला बाबाच दिसले. सासऱ्यांनी विडा घेतला, पण तोंड फुगलेलंच.

दोघं परतीच्या गाडीनं गेले. ती लातूरला दोन तास उशिरा पोचली. कारण काल व्यंकटीनं सांगितलं: त्याच लिंबाखाली काकांची संध्याकाळची आंघोळ चालली होती, आणि माझे सासरे त्यांची पाठ चोळत होते.

काकांना विचारू नका, आणि मला विसरू नका.
तुमची,
महादेवी