स्वरूपाची खाऱ्या पाण्याची टाकी

सांगवी, ता. बारामती
१८ जानेवारी

प्रिय स्वरूपास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं बरं आहे. कपिला व्यायली, कालवड झाली. संक्रांतीचा तिळगूळ पाकिटात घातलाय, चुरा झाला असेल तरी खा.

सवयीनं वर ‘चि. सौ.’ लिहून गेले होते, तो कागद फाडला. तुझी आणि दिग्विजयची फारकत होऊन दोन वर्षं झाली, पण सासूच्या हाताला ते अजून कळत नाही. पुढच्या महिन्यात इंदापूरला ज्ञानेशरावांशी तुझं लग्न झालं की पुन्हा ‘सौ.’ लिहीन. फोनवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी दिलं नाही. दूध उतू चाललंय म्हणून फोन ठेवला. दूधबिध काही नव्हतं.

आधी तू माझ्याकडे ठेवून गेलेल्या टाकीचं ऐक. तिच्यातलं तण गेल्याशिवाय ती ज्ञानेशरावांच्या घरी नेता येणार नाही, म्हणून तुझा जीव तिच्यात अडकलाय हे मला ठाऊक आहे.

ते तुझं ॲप्टेशिया. दिसायला झिपऱ्या सोडलेलं तपकिरी फूल, पण शेजारच्या पोवळ्यांना भाजून काढतं. हात लावू नका, असं तू बजावलं होतंस. पण जन्म खुरपण्यात गेलेल्या बाईला तण दिसल्यावर स्वस्थ बसवतं का? सुरी घेतली आणि हरळी काढावी तसं दगडावरून खरवडून टाकलं. महिन्याभरात चाराची पन्नास झाली. जिथं जिथं तुकडा पडला तिथं नवं फूल! तू फोनवर इतकी हसलीस की माझा रागच गेला. मग गणपतीत तू त्या समुद्राच्या गोगलगायी पाठवल्यास.

डबा उघडला आणि मला वाटलं, पोरीला कुणीतरी फसवलं. नखाएवढ्या पांढरट चिंध्या नुसत्या. जाऊबाई बघायला आल्या होत्या. साखरबाईच त्या, म्हणाल्या, “ह्या काय खात्यात? ह्यास्नीच कुनीतरी खाईल.”

बरेच दिवस काही दिसलंही नाही. दिवसभर दगडाखाली दडून राहायच्या. मग एकदा पहाटे धारेला जाताना बॅटरी मारली, तर एक गोगलगाय फुलाच्या देठाशी पोचलेली. मी बादली खाली ठेवली. फुलानं अंग चोरून घेतलं, आणि एवढीशी ती बया सावकाश त्याला बुडातून खायला लागली. पाठीवरचे गोंडे हलत होते. फुलाची आग ती पचवत नाही, तशीच गिळते आणि आपल्या गोंड्यांत साठवते, पुढं कुणी अंगावर आलं तर वापरायला, असं तू सांगितलं होतंस. पण ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं गं. अंगावर काटा आला. देवळात गाभाऱ्यासमोर होतं तसं झालं, आपोआप हात जोडले. उसाच्या खोडकिडीचा नाश करणारे बारीक कीटक ज्यांतून निघतात ती ट्रायकोकार्डं आपण लावतो, त्या कीटकांना मित्रकीटक म्हणतो, पण त्यांना काम करताना मी कधी बघितलंच नव्हतं. धारेला उशीर झाला, गाय हंबरत होती, तरी माझे पाय हलेनात.

पुढं काचेवर अंडी दिसली, पांढऱ्या दोऱ्याची वेटोळी. त्यांच्यात नर-मादी वेगळं नसतं, सगळ्याच अंडी घालतात, असं मी साखरबाईंना सांगितलं. “म्हंजी सासुरवासच न्हाय! बेस हाय की,” म्हणाल्या.

आता टाकीत तण औषधालाही उरलेलं नाही. तुझी पोवळी अशी फुलतात की आल्यागेल्याला मी बसवून दाखवते. पण गोगलगायींना दुसरं काही खाता येत नाही, त्या आकसायला लागल्या. मग बारामतीच्या त्या मासेवाल्या अविराजला दिल्या, त्याच्या टाकीत तण मायंदाळ आहे. बाटली त्याच्या हातात देताना मला रडू आलं. तो बिचारा गोंधळून गेला.

खरं सांगू? ते तण संपू नये असं मला वाटत होतं. टाकी इथं आहे तोवर पाण्यात मीठ किती, दिवा किती वेळ, म्हणून तुझा फोन येणार. टाकी गेली की तू माझी कोण आणि मी तुझी कोण?

आणि तेवढ्यात, सासूला म्हणायचीस ते ‘आत्या’ तसंच ठेवून, तू विचारलंस, “माझी आई न्हाय, आजी न्हाय. आत्या, पाठराखीण म्हणून तुमी याल का?”

जिला मी माप ओलांडायला लावून घरात घेतलं, तिला दुसऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत मीच पोचवायची, नव्या घरात तिचा जीव रमेपर्यंत सोबत राहायचं. साखरबाई म्हणाल्या, “सुटलेल्या सुनंची पाठराखीण सासू? आसं कुटं आस्तं व्हय? लोक त्वांडात श्यान घालतील.” दिग्विजयला पुण्याला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “आई, तुला जायचंय का?”

टाकीसाठी टेम्पो सांगितलाय. पोवळी पिंपात, टाकीचं जुनं पाणी सगळं बरोबर. ज्ञानेशरावांच्या आईंना माझा नमस्कार सांग. म्हणावं, मला बिनसाखरेचा चहा लागतो, आणि गुडघ्यांमुळं खाली झोपता येत नाही, तेव्हा स्वरूपाच्या खोलीशेजारी एक कॉट टाकून ठेवा.

तुझी पाठराखीण,
छबूबाई