माझ्या हाताच्या उंचीवरची बटणं

मी, अंजनाबाई शामराव नंदेश्वर, वय अडुसष्ट, राहणार चौबे कॉलोनी, रायपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. माझा मुलगा यशदीप याला तसं वाटत नाही, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. लिहायला-वाचायला मी लग्नानंतर घरीच शिकले. मृत्युपत्राला वकील लागत नाही, हेही मी स्वतःच वाचून काढलं. आधीच्या मृत्युपत्रात सगळं यशदीपला दिलं होतं. ते रद्द.

१. फ्लॅट माझ्या नावावर आहे. माझे पती उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होते. इथलं वायरिंग त्यांनी स्वतः केलं. मी ठेंगणी. म्हणून त्यांनी प्रत्येक खोलीत मला भिंतीशी उभं केलं, माझा हात सहज पोचतो तिथे पेन्सिलने खूण केली आणि तिथेच बटणांचे बोर्ड बसवले. बिल्डरचा माणूस हसला, "शामराव, बच्चों के लिए लगा रहे हो क्या?" हे म्हणाले, "मालकिणीसाठी लावून राहिलो."

ते गेल्यावर यशदीप हैदराबादहून आला, तो स्मार्ट यंत्रं बसवणाऱ्या भार्गव नावाच्या माणसाला घेऊनच. घर स्मार्ट करायचं ठरलं. मला विचारलं नाही. बोर्ड उपटले तेव्हा मागची पेन्सिलची खूण दिसली. मी "थांबा" म्हणेपर्यंत तिच्यावर पुट्टी फिरली होती. आता काचेचं पॅनल आहे, यशदीपच्या उंचीवर. मी स्टुलावर चढते. कणकेचा हात लागला तर ते ऐकत नाही. भार्गव म्हणाला, "आंटी, हाथ लगाने की ज़रूरत ही नहीं, बस बोलिए." बोलायला होतं ते माणूस गेलं, आणि मी पंख्याशी बोलू?

हा फ्लॅट मी माझी मुलगी दीक्षा हिला देत आहे. अट एकच : पुट्टी फोडून बोर्ड जुन्या जागी लावायचे. दीक्षा उंच आहे, तिला वाकावं लागेल. वाकावं.

२. यशदीप कोर्टात कारण विचारेल, म्हणून इथेच लिहिते. हे गेल्याला वर्ष झालं, त्या पुण्यानुमोदनाला विहारातल्या बाया घरी आल्या होत्या. वंदना सुरू होती. यांच्या फोटोपुढच्या मेणबत्त्यांनी छतावरचं धुराचं यंत्र किंचाळायला लागलं, आणि हॉलच्या कॅमेऱ्यातून, हैदराबादेत बसून, माझा मुलगा सगळ्यांसमोर बोलला, "आई, मोमबत्ती बुझाओ! एलईडी वाली लाके दी है ना!" कमलाबाईंनी घाबरून फुंकर मारली. बापाच्या वंदनेला न आलेला पोट्टा बापाची मेणबत्ती विझवून गेला.

मी दीक्षाला म्हटलं, माझ्या फोनमधून बंद कर हे. तिने पाहिलं आणि फोन माझ्या हातात परत दिला.

"काहून, काय झालं?"

"आई, तुले गेस्ट टाकलं आहे. ओनर भैया आहे. गेस्टले बंद करता येत नाही."

मी तिथेच यशदीपला फोन लावला. "काहून रे, मी पाहुणी?"

"अरे आई, सिर्फ सेटिंग है."

"मग बदल."

"आप कुछ गलत दबा दोगी."

त्याने बदललं नाही. मी वारस बदलला.

३. यशदीपला मी पॅनल, कॅमेरा, बोलका डबा, धुराचं यंत्र आणि दाराचं बोटाने उघडणारं कुलूप देत आहे. खोके मी जपून ठेवले आहेत. शिवाय या घरात त्याचा पाहुण्याचा हक्क राहील. त्याने बेल वाजवावी. दीक्षा उठेल, दार उघडेल, पाणी देईल. पाहुण्याला आम्ही कधी उपाशी पाठवलं नाही.

४. यांचा टेस्टर, पक्कड आणि ड्रिल दीक्षाला. यशदीपने ही हत्यारं भंगारात काढली होती. मी जिन्यावरून परत आणली.

५. बँकेत जे असेल त्यातून माझा अंत्यविधी करावा. बाकीचं विहाराच्या वाचनालयाला. भाषणांवर खर्च करू नये.

६. माझ्या पुण्यानुमोदनाला खरी मेणबत्ती लावावी, यांच्या फोटोजवळ. ती आपली आपण संपेल. कोणी फुंकू नये. यशदीप आला तर त्याला पुढे बसवावं, म्हणजे ती संपेपर्यंत त्याला उठता येणार नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी दीक्षाने करावी. वर लिहिलेलं मी पुन्हा वाचलं आहे. एकही शब्द मागे घ्यायचा नाही.

सही : अंजनाबाई शामराव नंदेश्वर

अंजनाबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि मग आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर केली :

१. कमला वासुदेव टेंभुर्णे (फुंकर मारणाऱ्या याच. त्यांच्यावर माझा राग नाही.)
२. चारुदत्त खोब्रागडे, निवृत्त रेल्वे कर्मचारी

दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

स्थळ : कमलाबाईंचं स्वयंपाकघर, तात्यापारा, रायपूर. माझ्या घरात बसून लिहिता आलं नाही. तिथे कॅमेरा आहे.