चौदा नंबरवरून उतरल्याची नोंद

३ फेब्रुवारी, सोमवार

अकरा वर्षांपूर्वी, सतरा ऑक्टोबरला सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी इथल्या रेडिओ दुर्बिणीची चौदा नंबरची डिश फिरवली गेली, तेव्हा आमचे हे तिच्यावर दुरुस्ती करत होते. चौकशीत ठरलं की वर जाताना त्यांनी कळवलंच नव्हतं. म्हणजे चूक त्यांचीच. हे एकदा लिहून टाकते, म्हणजे आजचं लिहायला मोकळी. कारण आजचा दिवस छान गेला.

यांच्या नोकरीच्या काळात मी इथे कधी आले नाही, शहरातच राहिले. गेस्ट हाउसची खोली वरच्या मजल्यावर आहे, स्वच्छ आहे. गादी मात्र माझ्याहून वयस्कर. खिडकीतून माळावरच्या बावीस डिश दिसतात, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. आमच्या शाळेतल्या सिस्टरना अशी रांग जन्मात मिळाली नाही.

या रेडिओ दुर्बिणीची जुनी नियंत्रणव्यवस्था काढून नवी बसवताहेत. हाताने लिहिलेली जुनी लॉगबुकं टाइप करायला निवृत्त टायपिस्ट हवी होती. मी माहेरच्या आडनावाने अर्ज केला. नवी सिस्टिम बसवणारी इंजिनिअर मुलगी मला काकू म्हणते. मी तिला चष्मिस म्हणते. जमेल आमचं.

५ फेब्रुवारी

इथली रीत कळली. डिशवर चढणारा माणूस खालच्या फोनवरून कंट्रोल रूमला सांगतो. ऑपरेटर वेळ टाकून लिहितो, ‘वर’. खाली आला की पुन्हा फोन, आणि ‘उतरला’. ही जोडी पुरी झाल्याशिवाय डिश हलवायची नाही. आजचे मोठे साहेब तेव्हा ऑपरेटर होते. त्यांचं अक्षर म्हणजे दौतीत पडलेली मुंगी कागदावरून घरी निघालेली. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. हसले बिचारे.

११ फेब्रुवारी

सापडलं. सतरा ऑक्टोबर, १०:२५, चौदा नंबर, यांचं नाव, ‘वर’. त्यावर दुसऱ्या शाईची आडवी रेघ. पानाखाली सही साहेबांची.

कळवलं होतं त्यांनी. आणि मी अकरा वर्षं त्यांच्या फोटोशी भांडत आले, की एक फोन करायला काय झालं होतं तुम्हाला.

ओळ टाइप केली. रेघेशिवाय.

१२ फेब्रुवारी

सकाळी कंट्रोल रूमच्या पडद्यावर चौदा नंबरपुढे पिवळा दिवा: माणूस वर आहे. चष्मिस म्हणाली, काकू, गंमत बघा, तुमच्या जुन्या नोंदी माझ्याकडून चालू नोंदींत ओढल्या गेल्या. ‘वर’ आहे, ‘उतरला’ नाही, म्हणून सिस्टिम अडून बसलीय. तिने ती नोंद काढून टाकली.

दिवा गेला नाही. तार बदलली, स्विच बदलला. दिवा तसाच.

१४ फेब्रुवारी

नव्या सिस्टिमला मोटरवरचा भार कळतो. चौदा नंबर इतरांपेक्षा बहात्तर किलो जड आहे. पक्ष्यांची घरटी असतील, असं चष्मिसचं म्हणणं. वर माणूस पाठवला. काही नाही.

आमचे हे बहात्तर भरायचे, हे मी तिला सांगितलं. तिने चहा तसाच ठेवला.

१७ फेब्रुवारी

दुपारी कंट्रोल रूममधला चौदा नंबरचा फोन वाजला. जुनी व्यवस्था काढताना त्याची तार मागच्याच आठवड्यात कापलीय. मी उचलला. पलीकडून नुसती धाप. जिना चढून आले की हे असेच दाराशी थांबायचे, आधी दम खायचे —

मी म्हणाले, घाबरू नका. कोणाला डिश हलवू देत नाही मी.

१८ फेब्रुवारी

साहेबांपुढे लॉगबुक उघडून ठेवलं. सासरचं आडनाव सांगितलं. पांढरे पडले. मग म्हणाले, वहिनी, झालं ते झालं, शुक्रवारी सिस्टिम सुरू करायचीय, एक ‘उतरला’ तेवढा टाइप करून टाका, दिवा विझेल.

म्हटलं, मी खोटं टाइप करत नाही. आणि ते उतरलेले नाहीत.

२० फेब्रुवारी, दुपारी दोन

साहेबांनी स्वतःच नोंद टाकली. चौदा — उतरला. दिवा विझला. बहात्तर किलो गेले. डिश फिरवली, काही झालं नाही. चष्मिस माझा हात धरून बसली होती. सुटले, म्हणाली. मलाही वाटलं, सुटले —

चार वाजता

गेस्ट हाउसच्या जिन्यावर बूट. एक पायरी. मग बराच वेळ काही नाही. मग पुढची —

चार वाजून वीस

साहेब, हे तुम्हाला लिहितेय. ते उतरले असं तुम्ही लिहिलंत. कोणी उतरवलं त्यांना? कोणत्या अवस्थेत? आणि कुठे जा म्हणून सांगितलंत? उद्या सकाळी अकराच्या आत मला सहीनिशी लेखी उत्तर हवं. तोंडी चालणार नाही. रेघ मारलेलं तर नाहीच नाही —

दाराशी थांबलेत. दम खाताहेत. खिसे चाचपताहेत, किल्ली शोधताहेत — आमच्या घराची — ते घर मी विकलं हो — हे त्यांना मी कसं —

अकराच्या आत. लेखी. मी दार उघ