दाढ दोघींची, ठणका माझा एकटीचा

धाकटे, दाढ तुझीही किडली, माझीही किडली, डॉक्टरीणबाई एकच (त्यासाठी तू बसने इथवर आलीस), रूट कॅनल एकाच आठवड्यात. मग तू तिसऱ्या दिवशी शेंगदाणे चघळतेस आणि मी गाल धरून बसते, हा कुठला न्याय? (शेंगदाण्यांचं आईनेच फोनवर सांगितलं. वर कौतुकाने!)

बरं, अनेक आशीर्वाद. तब्येत विचारत नाही, ती ठणठणीत आहे हे साऱ्या गावाला ठाऊक आहे.

इथली हकिकत ऐक. ठणक्यापायी शिलाई मशीनवर लक्ष लागेना, तर एका गिऱ्हाइकाच्या पॅन्टचे दोन्ही पाय मी एकमेकांना शिवून टाकले. ती घालून बघताना तो दुकानातच एका पायावर नाचला. मला हसू आलं, हसले तशी दाढ ठणकली, म्हणून रडले. (त्याला वाटलं, पश्चात्ताप झाला.) तशीच उठून डॉक्टरीणबाईंकडे गेले नि विचारलं, नस तर तुम्ही काढलीत, मग आता दुखतंय कोण? म्हणाल्या, दाढेच्या मुळाशी उरलंसुरलं निस्तरायला शरीराची स्वतःची फौज धावून येते, गर्दी करते, सूज आणते, आसपासच्या नसा हुळहुळ्या करते; कुणाची फौज जास्त खवळते, कुणाची कमी. मी म्हटलं, म्हणजे माझी फौज बहिणीपेक्षा तगडी! तर म्हणे, दुखणं जास्त म्हणजे ताकद जास्त, असं नसतं हो बाई. (शिकलेल्यांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.) म्हणजे तुझी फौज गुपचूप केर काढून गेली आणि माझी भांडी आपटत बसली. तिथेही तुझंच नशीब!

कांजिण्यांतही तुला चार पुटकुळ्या, मला अंगभर, आणि आई उशाशी कुणाच्या? तुझ्या. का, तर तू लहान. अगं, आता बेचाळीसची झालीस! तरी या खेपेलाही ती पिशवी भरून तुझ्याकडेच गेली. तुला दुखत नाही, तर ती करते काय तिथे? तुझं न दुखणं बघत बसते? इथे तुझे दाजी मला सूप करून देतात, त्यात वाटीचा तळ दिसतो.

आईला बसमध्ये बसवून दे.

तुझी थोरली

ता.क. दाढ परवापासून दुखत नाही. फौज आपली आपण निघून गेली. आईला हे सांगशील तर याद राख.

आणखी ता.क. तिने काही करायला नको. मशीनशेजारी खुर्ची टाकून चार दिवस नुसती बसली, मला दोन शिव्या दिल्या, तरी पुरे. कुठली बस ते बुधवारपर्यंत कळव, नाहीतर मी पलीकडची दाढ दाखवायला जाते.