अण्णांची राहिलेली तपासणी

४ नोव्हेंबर
गेल्या वर्षीच तपासणी झाली असती तर अण्णांचा पॉलिप लहान असता का? की नसताच? माहीत नाही. डॉक्टरांना विचारायचं धाडस झालं नाही.

दोन वर्षांपूर्वी पहिला काढला — मोठ्या आतड्यात आतून वाढलेली छोटी गाठ. डॉक्टर म्हणाले, ‘कॅन्सर नाही, पण राहिला असता तर पुढे होऊ शकला असता. वर्षाने परत दुर्बिणीने बघायचं.’ मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. एका लेखात वाचलं, पुरेसं कॅल्शियम घेणाऱ्यांत असे पॉलिप होण्याचा धोका थोडा कमी असू शकतो. घरी येऊन सांगितलं — कॅल्शियम घेतलं की परत होत नाही! अण्णांना ती दुर्बिणीची नळी नकोच होती. वर्ष झालं, तेव्हा म्हणाले, ‘जायचं का गं?’ मी म्हटलं, गोळ्या चालू आहेत ना, काय गरज?

आज त्याच जागी दुसरा. मोठा. काढला. तुकडा तपासायला गेलाय.

५ नोव्हेंबर
अण्णा शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगत होते, ‘कांद्याला कोंब येतो ना, तसं. खुडला की झालं. पोरगी ग्रॅज्युएट हाय आमची, तिच्या गोळ्यांनी एवढ्यावर निभावलं. नायतर लय वाढलं असतं!’

मी बाटली भरायला गेले. बाटली भरलेलीच होती.

६ नोव्हेंबर
घरी आणलं. रडू येत नाही. भाकरी नीट गोल होतात.

८ नोव्हेंबर
चांदवडहून तानुआत्याचा फोन. अण्णांची धाकटी बहीण.
‘वेदू, तुझ्या गोळ्या चालू हायेत बरं का. दुधाचा पेलाबी. पन रक्त काय थांबंना.’
कसलं रक्त?
‘अगं, संडासला. दिवाळीच्या आधीपासनं. म्हनलं कोर्स तर पुरा करू.’
मी आत्याला कधीच काही सांगितलं नव्हतं. अण्णांनी सांगितलं — माझ्या नावावर. म्हटलं, उद्याच नाशिकला ये, दुर्बिणीने बघू.
‘इतकं काय घाबरती! दादाला तर तू घरच्या घरी बरं केलं.’
हसत होती. रिपोर्ट येईपर्यंत कुणाला सांगायचं नाही म्हणून अण्णांनी तिला हॉस्पिटलचं कळवलेलंच नाही.

मी नुसतं ‘ये’ म्हणून ती येणार नाही. का यायचं ते सांगावं लागेल. सगळं.

९ नोव्हेंबर
दोनदा अण्णांजवळ जाऊन बसले. पहिल्यांदा पाय दाबून दिले. दुसऱ्यांदा टीव्हीचा आवाज कमी केला. झालं.

१० नोव्हेंबर
सकाळी अण्णांना सांगितलं. लेखात काय होतं, मी काय सांगितलं, तपासणी माझ्यामुळे राहिली. ते चहा पीत होते. कप खाली ठेवला.
‘मग मी चार लोकांत काय सांगत फिरलो?’
आई आतून बाहेर आलीच नाही.

चांदवडची बस धरली. आत्याला तेच सांगितलं, तिच्या सुनेसमोर. हे परतीच्या बसमध्ये लिहितेय. आत्या शेजारी आहे. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलीय. उद्याची वेळ मी घेऊन ठेवलीय.